मदत हवी आहे: ईसिमचं प्रोफाइल बदलल्यावर नेटवर्क मिळतं, पण डेटा जात नाही

नमस्कार मंडळी,

पाण्याच्या टाक्यांची पातळी कळवणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रावर काम करतोय. एलटीई-एम (कमी वीज लागणारं मोबाइल नेटवर्क) मोडेम, बोर्डावर सोल्डर केलेली एमएफएफ२ ईसिम चिप आणि तिच्यात तीन प्रोफाइल (प्रोफाइल म्हणजे एका ऑपरेटरच्या सिमची माहिती): कारखान्यातूनच आलेलं सुरुवातीच्या जोडणीचं बूटस्ट्रॅप आणि दोन वेगळ्या ऑपरेटरांची. सगळं एसजीपी.३२ या आयओटी यंत्रांच्या ईसिम मानकाप्रमाणे. म्हणजे प्रोफाइल बदलायचा आदेश ईआयएम (दूरवरून ईसिम सांभाळणारा) सर्व्हर देतो, यंत्रातला आयपीए हा प्रोग्राम तो चिपपर्यंत पोचवतो. एका वेळी एकच प्रोफाइल चालू.

पहिल्या ऑपरेटरवरून दुसऱ्यावर जायचा आदेश आला की चिप रिफ्रेश मागते, मोडेम सिम नव्याने वाचतो. आयसीसीआयडी (प्रोफाइलचा क्रमांक) नवा दिसतो, म्हणजे बदल झालाय. मोडेमला नोंदणी विचारणाऱ्या एटी+सीईआरईजी? या आज्ञेला ०,५ येतं, म्हणजे रोमिंगवर नोंदणीही झाली. सिग्नल चांगला, आयपी पत्ता मिळालेला. पण आमच्या सर्व्हरवर एकही पॅकेट पोचत नाही, आणि ईआयएमशीही बोलणं होत नाही. आदेशात रोलबॅकची खूण असल्यामुळे थोड्या वेळाने यंत्र आपोआप जुन्या प्रोफाइलवर परत येतं. रोलबॅक बंद ठेवून वीज तोडून पुन्हा दिली, की मात्र तेच नवं प्रोफाइल व्यवस्थित चालतं. एपीएनची (ऑपरेटरच्या डेटा-जोडणीचं नाव) सोय केलेली आहे: बूट होताना फर्मवेअर आयसीसीआयडी बघून योग्य एपीएन लिहितं.

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. पहिल्या ऑपरेटरचं नेटवर्क खरंच गेलं, तर बदलाचा आदेश यंत्रापर्यंत येणार कुठून? तेव्हा फॉलबॅक, म्हणजे बूटस्ट्रॅपवर परत जाणं, यंत्रानेच करायला हवा. पण तो कधी करायचा? घाई केली तर बॅटरी संपते, उशीर केला तर टाकी कोरडी पडली तरी कुणाला पत्ता लागत नाही. प्रत्यक्ष हे चालवणाऱ्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. एपीएन फक्त बूट होताना लिहिला जातो. प्रोफाइल बदलताना सिम रीसेट होतं, तुमचं फर्मवेअर नाही. म्हणजे मोडेमच्या स्मृतीत जुन्याच ऑपरेटरचा एपीएन बसलाय आणि तोच घेऊन तो नव्या नेटवर्कवर जातोय. एलटीईत डेटाची पहिली जोडणी साधारणपणे अटॅच होतानाच, म्हणजे नेटवर्कशी जोडलं जातानाच, होते. अनोळखी एपीएन दिसला की काही नेटवर्क सरळ नकार देतात, काही गुपचूप स्वतःचा ठरलेला एपीएन लावतात. दुसरा प्रकार फार फसवा, कारण नोंदणी दिसते, आयपीही मिळतो आणि रस्ता मात्र भलतीकडेच जातो.

अडकलेल्या अवस्थेत एटी+सीजीसीओएनटीआरडीपी देऊन बघा. सीजीडीसीओएनटी तुम्ही काय मागितलंत ते दाखवतं, सीजीसीओएनटीआरडीपी नेटवर्कने खरोखर काय दिलं ते दाखवतं. रिफ्रेश झाल्याचं कळताच हा क्रम ठेवा: एटी+सीएफयूएन=४ (रेडिओ बंद), आयसीसीआयडी वाचा, एपीएन लिहा, मग एटी+सीएफयूएन=१ (रेडिओ चालू).

प्रतिसाद २

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. सिग्नलच्या दांड्यांवर निर्णय अजिबात सोडू नका, नोंदणीवरही नको. आपल्या सर्व्हरकडून पोच आली का, एवढंच धरा. ऑपरेटरने प्लॅन थांबवला तर सिग्नल पूर्ण असतो आणि नेटवर्क तरीही नाकारतं.

मात्र यात एक मोठा खड्डा आहे. तुमचा सर्व्हरच बंद पडला तर? पोच कुणालाच येणार नाही आणि झाडून सगळी यंत्रं एकदम बूटस्ट्रॅपवर उड्या मारतील. म्हणून आधी दुसऱ्या, वेगळ्या ठिकाणच्या पत्त्यावर जाता येतं का ते तपासा. तिथे पोचत असेल तर प्रोफाइलला हात लावू नका. फॉलबॅकच्या आधी प्रत्येक यंत्रात यादृच्छिक विलंबही ठेवा.

वेळेचं म्हणाल तर, सलग ५ वेळा अटॅच फसला की मोडेम टी३४०२ टायमर लावून गप्प बसतो. नेटवर्कने वेगळं सांगितलं नसेल तर हा टायमर १२ मिनिटांचा असतो. त्याच्या आत फॉलबॅक केलात तर क्षणिक अडथळ्यालाही प्रोफाइल बदलत राहील. निदान अशी एक फेरी पूर्ण होऊ द्या. तोवर मोजमापं फ्लॅशमध्ये वेळेसकट साठवा, म्हणजे उशीर झाला तरी नोंद हरवत नाही.

चाचणी करताना नुसता अँटेना काढून भागत नाही. एका प्रोफाइलचा प्लॅन मुद्दाम थांबवायला लावा. त्यानंतर एटी+सीआरएसएम=१७६,२८५३९,०,०,१२ ने निषिद्ध नेटवर्कांची यादी वाचा. ती प्रोफाइलमध्येच लिहिली जाते आणि वीज तोडली तरी जात नाही. उत्तरात सगळे एफ असतील तर यादी रिकामी. नसतील, तर प्लॅन पुन्हा सुरू झाल्यावरही मोडेम ते नेटवर्क टाळत राहील आणि तुम्ही दोष भलतीकडे शोधत बसाल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सीजीसीओएनटीआरडीपीत आम्ही कधीच न लिहिलेला एपीएन दिसला. वर दिलेला क्रम लावल्यावर वीज न तोडता दुसरं प्रोफाइल चालू झालं, रोलबॅक झाला नाही. दुसरा पत्ता तपासायचं काम आजच फर्मवेअरमध्ये घेतलंय.

एकच राहिलं: यंत्र बूटस्ट्रॅपवर गेल्यावर मूळ ऑपरेटरकडे परत कधी जायचं, हेही यंत्रानेच ठरवायचं का?

प्रतिसाद २

शक्यतो नको. बूटस्ट्रॅपवर आलं म्हणजे ईआयएम पुन्हा हाताशी आला, तेव्हा निर्णय सर्व्हरकडेच द्या. त्या भागातली बाकीची यंत्रं मूळ ऑपरेटरवर नीट बोलतायत का, हे एकट्या यंत्राला कळू शकत नाही, सर्व्हरला दिसतं. परतीच्या आदेशातही रोलबॅकची खूण ठेवा, आणि आधी थोडीच यंत्रं परत पाठवा.