न रडवणारा कांदा नाशिकने पिकवावा का?

सीमा_गंगापूररोड
जपानच्या हाउस फूड्स कंपनीने २०१५ मध्ये चिरताना डोळ्यांत पाणी न आणणारा कांदा जाहीर केला, नाव ‘स्माइल बॉल’. अमेरिकेत ‘सनियन्स’ नावाचा तसाच कांदा दुकानात मिळतो, तोही साध्या संकरातून काढलेला. आणि आपण? लासलगाव आपलं, पिंपळगाव बसवंत आपलं, बाहेरगावच्या पाहुण्यांना कौतुकाने सांगतो, आणि घरी लग्नकार्याचा कांदा चिरायला बसलेल्या बाया पदराने डोळे पुसतात.

माझं मत सरळ आहे. असा कांदा नाशिक जिल्ह्यातच निघायला हवा. ‘रडवत नाही तो कांदाच नव्हे’ हे वाक्य मला नेहमी ताटावर बसलेल्यांकडून ऐकू येतं, चिरणारीकडून कधीच नाही.

चाळवाला_निफाड
ताई, तुम्हाला कांदा ओट्यावर दिसतो, मला चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये दिसतो. एप्रिलमध्ये काढलेला उन्हाळ कांदा मी दिवाळीपर्यंत सांभाळतो. टिकतो कोण? घट्ट, कमी पाण्याचा, उग्र. खरिपाचा लाल कांदा पाणीदार, तो काढला की विकायचा, चाळीत टाकला की सडला. अमेरिकेत जॉर्जियातला व्हिडालिया कांदा गोड म्हणून नावाजलेला आहे. तिथल्या जमिनीत गंधक कमी, म्हणून तिखटपणा कमी. पण तो फार दिवस राहत नाही. आम्ही इकडे मुद्दाम गंधक घालतो. तुमचे डोळे वाचवायला माझी चाळ रिकामी करू का?

येवल्याचा_पोरगा
शेतकरी तर न चिरताच रडतो. डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी विसरलात का सगळे?

सीमा_गंगापूररोड
विसरले नाही. पण ‘कांद्याने शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी’ हा मथळा दरवर्षी छापून येतो. त्यावर वेगळा धागा काढा, मीही येईन. इथे चिरण्याचं बोलू.

रसायनवाले_सर
चाळवाले भाऊ, तुम्ही दोन गोष्टी एकाच पोत्यात भरताय. उग्रपणा आणि रडवणं यांचं मूळ एक आहे, पण वाटा पुढे फुटतात.

अख्खा कांदा हातात घ्या, वास जवळजवळ येत नाही. पेशीत गंधकयुक्त अमिनो आम्लं एका कप्प्यात आणि ॲलिनेज नावाचं विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात असतं. सुरी फिरली की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि सल्फेनिक आम्ल तयार होतं. इथपर्यंत लसणातही साधारण असंच घडतं. मग लसूण ठेचताना आपण का रडत नाही? कारण कांद्यात ज्या अमिनो आम्लापासून अश्रुकारक वायू होतो, ते लसणात नगण्य असतं. कांद्यात पुढे आणखी एक विकर त्या सल्फेनिक आम्लाचं प्रोपेनेथायाल एस-ऑक्साइड करतं. तो वायू उडून डोळ्याच्या पारपटलावरच्या मज्जातंतूंना झोंबतो, मेंदू अश्रुग्रंथींना धुऊन काढायचा हुकूम देतो. भावनेचा काही संबंध नाही, डोळ्यात धूळ गेल्यावर येतं तेच पाणी.

हे दुसरं विकर स्वतंत्र आहे, हे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं. त्याआधी वायू आपोआप तयार होतो असा समज होता. याच कामाला २०१३ मध्ये इग्नोबेल मिळालं, आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं ते पारितोषिक. आता मुद्दा असा: फक्त हे दुसरं विकर बंद केलं तर गंधक चवीच्या संयुगांकडे वळतं. न्यूझीलंडमध्ये २००८ मध्ये जनुक गप्प करून असा कांदा केलाही होता. ‘स्माइल बॉल’ची वाट वेगळी. तिथे पहिलंच विकर खूप कमी केलं, म्हणून तिखटपणाही गेला. सीमाताईंनी नेमका चुकीचा नमुना उचललाय, पण त्यांची मागणी अशक्य नाही.

मिसळवाला_पंचवटी
सर, एवढं प्रयोगशाळेत जायचं कारण काय? आमच्याकडे सकाळी पोत्याने कांदा चिरतात. सुऱ्यांना रोज धार लावतो, पोरं रडत नाहीत. नवीन पोरगा बोथट सुरीने दाबून दाबून कापतो, तोच नाक ओढत बसतो. तर्रीसोबत कच्चा कांदा उग्रच लागतो. गोड कांदा मिसळीवर टाकला तर गिऱ्हाईक उद्या येणार नाही.

रसायनवाले_सर
धारेबद्दल पटलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने २०२५ मध्ये वेगवान कॅमेऱ्याने हेच टिपलं. बोथट पातं थर दाबतं, आत दाब वाढतो आणि रस बारीक थेंबांच्या फवाऱ्याने उडतो. धारदार पातं आणि सावकाश हात, की फवारा कमी. आणि फ्रिजमध्ये ठेवलेल्या कांद्याचा तिथे फायदा दिसला नाही, हे आमच्या सौ.ना मी अजून सांगितलेलं नाही.

आजीची_विळी
म्हणजे विळीच बरी! पातं घट्ट, धार पक्की, कांदा सावकाश पुढे सरकतो.

सीमा_गंगापूररोड
आजी, विळीवर बसलं की तोंड थेट कांद्यावर येतं. वायू वर चढतो, आपण वाकलेल्या. माझ्या सासूबाई पंखा बाजूला लावून बसतात, तेवढ्याने बरंच निभावतं. पण ‘धार लावा, पंखा लावा’ ही कामं पुन्हा चिरणारीच्याच माथी. उपाय बियाण्यात असेल तर मला तो बियाण्यात हवा.

चाळवाला_निफाड
बियाण्याचंच सांगतो. आमच्याकडे बरेच जण घरचं उळं, म्हणजे कांद्याचं बी धरतात. चांगले कांदे निवडायचे, लावायचे, डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे आले की बी काढायचं. कांद्याचं परागीकरण मधमाश्या करतात. माझ्या शेतात न रडवणारा आणि बांधापलीकडे एन-२-४-१ या नेहमीच्या वाणाचे डोंगळे, मग दोन हंगामांत माझं बी शुद्ध राहील का? म्हणजे दरवर्षी कंपनीचंच बी घ्या. सरांची वाट तर जनुकात फेरफार करणारी, तिला परवानगीचं लचांड वेगळंच.

सीमा_गंगापूररोड
द्राक्षात परदेशी वाणांची रॉयल्टी भरून लागवड केलीच ना नाशिकने? तेव्हा कोणी मधमाश्यांचं नाव काढलं नाही.

चाळवाला_निफाड
द्राक्षाची कलमं लागतात ताई, तिथे माशी काय करणार? शिवाय द्राक्ष पेटीत जातं, त्यावर वाणाचं नाव छापता येतं. कांदा ट्रॉलीतून लिलावाला येतो. व्यापारी वरचे दोन-चार उचलतो, आकार, रंग, पत्ती बघतो, बोली लावून पुढच्या ट्रॉलीकडे जातो. माझा कांदा रडवत नाही, याचे क्विंटलमागे जास्तीचे पैसे मला कोण देणार?

रसायनवाले_सर
कांदा चिरल्यावर तयार होणारं पायरुविक आम्ल मोजून तिखटपणा ठरवता येतो. पण ट्रॉली उभी असताना ते करणं अवघड, हे कबूल. शिवाय त्यातून रडवणारा वायू वेगळा कळणार नाही.

आजीची_विळी
व्यापाऱ्यालाच बसवा चिरायला. लगेच भाव कळेल.

चाळवाला_निफाड
आजी, तो डोळे पुसत म्हणेल, माल ओला आहे, शंभर रुपये कमी घ्या.