पंचाची चूक म्हणजे खेळाची चव? मग गलारागाला विचारा

मिशिगनवाला:
गेल्या आठवड्यात खेळांच्या गप्पांमध्ये तांबडा रस्सा यांनी लिहिलं होतं, "आता स्ट्राईक होता का बॉल, तेही कॅमेरा सांगणार. पंचाची चूक ही बेसबॉलची चव आहे. ती काढली की उरतो नुसता उकडलेला बटाटा." (नवख्यांसाठी: बॅटरनं सोडलेला चेंडू ठरलेल्या चौकटीतून गेला तर स्ट्राईक, बाहेरून गेला तर बॉल. तीन स्ट्राईक झाले की बॅटर बाद.) तिथेच उत्तर द्यायला बसलो होतो, पण डोकं इतकं तापलं की प्रतिसाद लांबला. म्हणून हा वेगळा धागा.

रस्सासाहेब, २ जून २०१०. बुधवार. बायको भारतात गेलेली, मी टीव्ही लावून पोळ्या लाटत होतो. आमच्या डेट्रॉइट टायगर्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आर्मांडो गलारागा क्लीव्हलंडविरुद्ध टाकत होता. २६ आले, २६ गेले. एकाचाही पाय पहिल्या बेसला लागला नव्हता. अजून एक गेला की परफेक्ट गेम, म्हणजे सत्तावीसच्या सत्तावीस बाद. सव्वाशेहून जास्त वर्षांच्या इतिहासात तोवर असे फक्त २० झाले होते आणि टायगर्सच्या पिचरचा त्यात एकही नव्हता.

सत्ताविसावा जेसन डोनाल्ड. त्यानं पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधे जमिनीलगत मारला. आमच्या पहिल्या बेसवरच्या मिगेल काब्रेरानं बाजूला जाऊन उचलला, तोवर गलारागा पहिल्या बेसवर धावत पोचला होता. काब्रेरानं फेकला, ग्लोव्हमध्ये चेंडू, पाय बेसवर, डोनाल्ड अजून एक पाऊल मागे. मी लाटणं हातात घेऊन उडी मारली. आणि पंच जिम जॉइसनं दोन्ही हात पसरले. सेफ, म्हणजे नाबाद!

गलारागा काय करतो? हसतो. ओरडत नाही, ग्लोव्ह आपटत नाही. परत जाऊन पुढचा गडी बाद करतो, सामना ३-० संपतो. जॉइसनं नंतर फीत पाहिली आणि चूक झाली म्हणून सरळ कबूल केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच होमप्लेटमागे (बॅटर उभा राहतो त्या बेसमागे) होता. खेळाडूंची यादी त्याच्या हातात द्यायला गलारागालाच पाठवलं होतं आणि जॉइस सगळ्यांसमोर डोळे पुसत होता. बेसबॉलचे आयुक्त बड सेलिग यांनी निकाल बदलला नाही. वहीत आजही एक हिट, म्हणजे डोनाल्ड फटक्यावर बेसला पोचला असं, लिहिलेली आहे.

खरी गंमत पुढे आहे. रिप्ले तेव्हाही होता! ऑगस्ट २००८ पासून होता, पण फक्त होमरनसाठी. म्हणजे चेंडू कुंपणाबाहेर पडला का हे टीव्हीवर बघायला चालतं, आणि बेसवरचा पाय बघितला की खेळाचा आत्मा भ्रष्ट होतो. दहा सेकंदांत माझ्या स्वयंपाकघरालाही कळलं होतं, फक्त ज्यांनी निर्णय द्यायचा त्या चौघांना कळायची सोय नव्हती. चव म्हणता ना? माझी तर तव्यावरची पोळी जळली होती, तिची चव अजून आठवते.

तांबडा रस्सा:
माझ्या नावानं धागा! सत्कारच झाला म्हणायचा. नारळ कुठाय?

पण मालक, तुम्ही सांगितलेली गोष्ट माझ्याच बाजूची आहे. तोवर २० परफेक्ट गेम झाले म्हणता, त्यातले पाच पिचर सांगा बघू, न शोधता. नाही येणार. गलारागा मात्र तुम्हाला पोळीसकट पाठ आहे. रिप्ले असता तर तो एकविसावा झाला असता आणि आज तुम्ही दुसरंच कुणाचं तरी रडगाणं गात असता.

आता रिप्लेनं काय करून ठेवलंय ते सांगतो. २०१४ पासून जवळजवळ सगळंच तपासायला लागले. गडी दुसऱ्या बेसवर पोटावर घसरत येतो, चेंडूच्या आधी हात पोचतो, सेफ. वेग असतोच, त्या वेगात अंग अर्धा इंच बेसवरून उचललं जातं आणि परत टेकतं. क्षेत्ररक्षकानं चेंडूसकट ग्लोव्ह त्याच्या मांडीला चिकटवून ठेवलेला असतो, म्हणजे बेस सुटला त्या क्षणी आउट. मॅनेजर डगआऊटमधून (संघ बसतो तिथून) हात वर करतो, न्यूयॉर्कमध्ये बसलेले पंच पडदा थांबवून थांबवून बघतात आणि गडी आउट! आमच्या आज्या-पणज्यांपासून कुणी असला आउट मागितला नव्हता. गड्यानं चेंडूला हरवलं, तरी आउट. हा न्याय नाही, ही सूक्ष्मदर्शकानं काढलेली खोडी आहे.

बोरिवली_स्लो:
जगात टीव्ही बघून आउट दिलेला पहिला माणूस कोण? आपला सचिन. डर्बन, १९९२. आणि ज्याला टीव्हीची गरज होती तेव्हा टीव्ही नव्हता तोही सचिनच. अ‍ॅडलेड १९९९, मॅक्ग्राचा चेंडू, खांद्याला लागला आणि एलबीडब्ल्यू. पंच डॅरिल हार्पर. मी विसरलेलो नाही.

पेठी खोचक:
प्रतिसाद तिसरा आणि सचिन हजर. आमची तिसऱ्यावरच पैज होती. चालू द्या.

आकडेबाज अकोला:
दोघेही एका सामन्यावर कशाला भांडताय? १९८५ ची वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची अंतिम मालिका) घ्या, सहावा सामना. सेंट लुईस १-० पुढे, शेवटचा डाव, तीन गडी बाद झाले की चषक. कॅन्सस सिटीचा ऑर्टा पहिल्या बेसवर स्पष्ट आउट होता, पंच डॉन डेंकिंगरनं सेफ दिला. कॅन्सस सिटी २-१ जिंकली, दुसऱ्या दिवशी ११-० जिंकून चषकच घेऊन गेली. डेंकिंगरला पुढे जिवे मारण्याच्या धमक्या आल्या.

पण रस्साभाऊंच्या बाजूनं हेही सांगतो की त्या चुकीनंतर सेंट लुईसनं एक सोपा उंच उडालेला फाऊल (रेषेबाहेरचा फटका) झेलायचा सोडला, मग कॅचरच्या (आपल्या यष्टिरक्षकासारखा, बॅटरच्या मागे बसणारा) हातून चेंडू निसटून गडी पुढे सरकले. ते सगळं लोक विसरले. चाळीस वर्षं एकाच माणसाच्या नावानं शंख.

मिशिगनवाला:
धन्यवाद, हे माझ्याच कामाचं आहे. रिप्ले असता तर डेंकिंगर सुटला असता. दोन मिनिटांत चूक दुरुस्त, पंच घरी जाऊन जेवला असता. रिप्ले पंचाच्या विरुद्ध आहे असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं तो पंचाचा विमा आहे.

आणि २००९ तर आठवतंय ना? यँकीज विरुद्ध मिनेसोटा, अकरावा डाव, जो मॉवरचा फटका डाव्या रेषेच्या आत पडला. बाद फेरीत रेषेवर खास जादा पंच उभे करतात. तो पंच काही पावलांवर, तोंड तिकडेच, आणि फाऊल दिला! सहा पंच असून ही तऱ्हा.

तांबडा रस्सा:
विमा म्हणे. विम्याचा हप्ता कोण भरतं ते मी सांगतो.

मी इथे न्यू जर्सीत चार वर्षं पोरांच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो. फुकट. शनिवारी सकाळी आठला, दव पडलेलं असतं, मास्क माझ्या डोक्याला घट्ट होतो. गेल्या मे महिन्यात दहा-अकरा वर्षांच्या पोरांचा सामना. होमप्लेटवर धुरळा उडाला, मी आउट दिला. पोरगा काही बोलला नाही. त्याचा बाप जाळीशी आला आणि मोबाइल जाळीला चिकटवून मला व्हिडिओ दाखवायला लागला. थांबवून, मोठा करून. "बघा, बघा, हात आधी." मागे त्याची बायको, आजी, सगळी वरात. मी म्हटलं, साहेब, मी मोबाइल बघून निर्णय देत नाही. तर म्हणतो, "मोठ्या सामन्यात देतात की." सामना पाच मिनिटं बंद. पोरं मैदानात बसून गवत उपटत होती.

हे तुमच्या रिप्लेनं शिकवलं. पंचाला विचारायचं नाही, पंचाला पकडायचं.

मिशिगनवाला:
हात आधी होता का?

तांबडा रस्सा:
तो मुद्दा नाही.

पेठी खोचक:
म्हणजे होता.

सॉफ्टबॉलवाली:
बराच वेळ वाचतेय, आता लिहितेच. तुम्ही सगळे बेसवरच्या निर्णयांवर भांडताय, पण रस्साजींच्या मूळ प्रतिसादात स्ट्राईक-बॉलचा विषय होता. त्यावर कुणी बोलतच नाहीये.

मी अमरावतीची, कॉलेजात पाच वर्षं सॉफ्टबॉलला कॅचर होते. एका आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्यात शेवटची बॅटर, दोन स्ट्राईक झालेले. आमच्या पिचरनं खाली टाकला, गुडघ्याच्याही खाली. तो बॉल होता, मला माहीत होतं. मी तो असा घेतला की पंचांना स्ट्राईक दिसला. ग्लोव्ह आधीच जमिनीजवळ नेलेला, चेंडू खालून उचलत घेतला आणि तिथेच धरून ठेवला, हलवला नाही. पंचांनी स्ट्राईक दिला. आम्ही जिंकलो. ती बॅटर बॅट टेकवून तिथेच उभी राहिली, तिला कळलंच नाही काय झालं. पुढे आम्ही दोघी नाशिकला एकाच हॉस्टेलवर आलो. आजही फोन केला की आधी म्हणते, "बोल, चोरटे."

याला फ्रेमिंग म्हणतात आणि ती कला आहे. होझे मोलिनासारखी माणसं बॅट यथातथा असूनही या एका गोष्टीवर वर्षानुवर्षं मोठ्या संघांत टिकली. तुमच्या कॅमेऱ्यानं पहिली गदा हिच्यावर येणार.

तांबडा रस्सा:
ताई, आदर ठेवून बोलतो, पण ही कला नाही, चोरी आहे. बॉल होता हे तुम्हाला माहीत होतं, तुम्हीच लिहिलंय. पंचाला फसवून घेतलेला स्ट्राईक आणि बॅटला लागूनही "नाही लागला" म्हणत उभा राहणारा फलंदाज, फरक काय?

सॉफ्टबॉलवाली:
फरक हा की मी काही बोलले नाही. मी चेंडू झेलला. निर्णय पंचांनी दिला. तुमच्याच भाषेत, त्यांची चूक ही चव!

पंचाची चूक गोड आणि कॅचरचं कसब चोरी, हे कसं? म्हणजे चूक आपोआप झाली तर खेळाचा आत्मा, आणि कुणी मेहनत करून करवून घेतली तर गुन्हा?

मिशिगनवाला:
ठ्ठो. रस्सासाहेब, विकेट.

तांबडा रस्सा:
टाळ्या वाजवायची घाई नको. तुम्हीच सांगा, तुम्ही तर कॅमेऱ्यावाले, तुम्हाला ही चोरी चालते? पंचाची प्रामाणिक चूक दुरुस्त करा म्हणता आणि ठरवून केलेली फसवणूक कला म्हणून गळ्यात हार?

मिशिगनवाला:
मला आवडते फ्रेमिंग. हो, विसंगत आहे. असू दे.

बोरिवली_स्लो:
यष्टिरक्षक खोटं अपील करतो ते काय वेगळं आहे? सिडनी २००८ मध्ये तर अख्खा संघ

पेठी खोचक:
बोरिवली, तुमचं वाक्य आणि तुमची लोकल दोन्ही मधेच थांबतात.

बोरिवली_स्लो:
पुण्यात लोकल आली की सांगा. शिवाय डीआरएसला २०१६ पर्यंत नाही नाही म्हणणारे आपणच होतो, हे इथे कुणी बोलणार नाही. सिडनीत पंच बकनरच्या नावानं बोंबलायचं आणि उपाय दिला की तो पण नको.

आकडेबाज अकोला:
फ्रेमिंग मेलं म्हणून रडायची घाई नको, ताई. कोरियात २०२४ पासून प्रत्येक चेंडू यंत्रच ठरवतं, तिथे खरंच मेलं. अमेरिकेत २०२६ पासून जे आणलंय त्यात निर्णय पंचच देतो. प्रत्येक संघाला दोन आव्हानं, आणि ती फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरनंच, लगेच टोपीला हात लावून मागायची. डगआऊटमधून खूण चालत नाही. बरोबर निघालं तर आव्हान शिल्लक, चुकलं तर गेलं. पंधरा-एक सेकंदांत मैदानातल्या पडद्यावर दिसतं. स्ट्राईकची चौकट प्लेटइतकी, १७ इंच रुंद, तिची वरची रेषा बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. सामन्यात अडीच-तीनशे चेंडू टाकले जातात. म्हणजे बाकीचे सगळे अजून पंचाच्या डोळ्यावर आणि कॅचरच्या मनगटावर.

आणि २०२५ च्या सराव सामन्यांत आव्हानं निम्म्याहून किंचितच जास्त खरी ठरली होती. खेळाडूसुद्धा पंचाइतकेच आंधळे.

सॉफ्टबॉलवाली:
म्हणजे दोन चुकीची आव्हानं वाया घालवायला लावली की पुढे रान मोकळं. हे तर आणखी मजेदार आहे. मी वीस वर्षं उशिरा जन्मायला हवं होतं.

तांबडा रस्सा:
बघा! चोर किती खूश झाला.

सॉफ्टबॉलवाली:
चोर म्हणायचा हक्क फक्त एका मैत्रिणीला दिलाय. तुम्ही नाही म्हणायचं.

तांबडा रस्सा:
माफी. गरम डोक्यानं टंकलं.

मिशिगनवाला:
रस्सासाहेब, रागावू नका, पण एक विचारतो. तुमचा राग रिप्लेवर आहे की त्या जाळीपाशी आलेल्या बापावर? कारण नियमात बसणारा रिप्ले असता तर मोबाइल घेऊन येणाऱ्याला तुम्ही सरळ सांगू शकला असता की आव्हान मॅनेजर मागतो, वरात नाही.

तांबडा रस्सा:
पोरांच्या सामन्यात कुठला रिप्ले, मालक? तिथे कॅमेरा म्हणजे त्याचा मोबाइलच. पण ठीक, बापावरच आहे असं धरा. लिहून घ्या आणि फ्रेम करून लावा.

आणि हो, हात आधी होता. घरी जाऊन मीच मागवून बघितला तो व्हिडिओ. पोराला पुढच्या शनिवारी सांगितलं, तुझं बरोबर होतं. तर म्हणतो, "मला माहितेय, कोच." आणि बॅट घेऊन गेला. हसला नाही मात्र. तुमचा गलारागा फारच मोठा माणूस होता.

घसरताना अर्धा इंच उचलला म्हणून आउट देतात तो मात्र फालतूपणाच. त्यावर मी मरेपर्यंत असहमत.

मिशिगनवाला:
त्यावर मीही. गड्यानं बेस आधी गाठला असेल तर तेवढं बघायचं आणि पडदा बंद.

पेठी खोचक:
दोघांचं एकमत झालं. धागा वाचनमात्र करा.

तांबडा रस्सा:
करू नका, माझं काम आहे. सॉफ्टबॉलवाली ताई, मुलीला यंदा संघानं कॅचरला उभं केलंय. खालचा चेंडू आला की ग्लोव्ह वरून खाली आपटते, पंच प्रत्येक वेळी बॉल देतो. तुम्ही लिहिलंत तसं खालून घ्यायचं तर मनगट फिरवायचं की कोपर? शनिवारी सामना आहे. पंच मी नाहीये.

सॉफ्टबॉलवाली:
चोरी शिकायचीय?

तांबडा रस्सा:
कला, कला. मनगट की कोपर ते सांगा.