मदत हवी आहे: दिवाळीच्या सुट्टीत आई-बाबांसोबत किन्नौर-स्पिती, सात दिवसांत काय ठेवू, काय गाळू?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी,

दिवाळीची भाऊबीज उरकली की हिमाचलात किन्नौर-स्पितीला जायचं घाटतंय. माणसं पाच: मी, नवरा, पाचवीतला मुलगा आणि माझे आई-बाबा. बाबा ६९ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण देऊळ दिसलं की तिला पायऱ्या दिसत नाहीत. चंदीगड ते चंदीगड सात दिवस आहेत. नवऱ्याची रजा तेवढीच, त्यामुळे आठवा दिवस मागू नका.

मॉल रोड, याकवर बसून फोटो, रोपवे हे सगळं नकोय. आईला लाकडी देवळं, बौद्ध मठ आणि हातमाग बघायचे आहेत. बाबांना समोर डोंगर, हातात चहा आणि कुणी 'चला चला' म्हणणारं नको. मुलाला नदी आणि दगड मिळाले की तो दिवसभर आमचा नसतो.

एका एजंटाने हा प्लॅन दिलाय: पहिल्या दिवशी शिमला, दुसऱ्या दिवशी सांगला, तिसऱ्या दिवशी चितकूल करून कल्पा, चौथ्या दिवशी नाको बघत ताबो, पाचव्या दिवशी काझा, की मठ, किब्बर, सहाव्या दिवशी कुंझुम खिंड ओलांडून चंद्रताल तलावाकाठी तंबूत, सातव्या दिवशी मनालीमार्गे चंदीगड. ऐकायला झकास वाटतं, पण गूगल नकाशा उघडला की पोटात गोळा येतो.

बाबांना उंची झेपेल का? गाळायचं तर काय गाळू? मुलाला गाडी लागते, त्यावर काही उपाय? आणि त्या दिवसांत थंडी कितपत असते? घरातले सगळे स्वेटर मुंबईच्या थंडीच्या हिशेबाने घेतलेले आहेत.

घाटमाथा

एजंटाला आधी एवढंच विचारा की भाऊबीजेनंतर चंद्रतालला तंबू लावणार कोण. तिथले तंबू ऑक्टोबरच्या मध्याच्या आसपास आवरतात. कुंझुम खिंड साधारण ४,५५० मीटरवर आहे, बर्फ पडला की बंद, आणि नोव्हेंबरात तिच्या भरवशावर परतीचं विमान काढणं म्हणजे जुगार. खिंड उघडी असली तरी चंद्रताल ते चंदीगड एका दिवसात? मनालीपर्यंतच्या खडकाळ रस्त्यातच अर्धा दिवस जातो, पुढे तीनेकशे किलोमीटर उरतात. हा प्लॅन जूनच्या फाइलमधून उचलून तुमच्या तारखा टाकलेल्या दिसतात.

म्हणजे गोल चक्कर बाद. ज्या वाटेने जाल त्याच वाटेने परत या, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. सतलजच्या काठचा तो रस्ता उलट्या दिशेने वेगळाच दिसतो.

स्टेथोस्कोप

डॉक्टर आहे, पण तुमच्या बाबांचा नाही, तेव्हा हे वाचून त्यांच्या डॉक्टरांना भेटाच.

उंचीचा त्रास दिवसा किती उंचीवर फिरून आलात यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात यावर जास्त अवलंबून असतो. ढोबळ नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेलात की झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि मधे एखादा दिवस मुक्कामाचा ठेवावा. कल्पा २,९६० मीटरच्या आसपास, म्हणजे उंबरठ्यावर. ताबो साधारण ३,३०० मीटर, काझा त्याहून बरंच वर, चंद्रताल ४,२०० च्या पुढे. म्हणजे एजंटाने शेवटच्या दोन रात्री थेट उडी मारलीय, आणि तीही अशा ठिकाणी जिथून रात्री खाली उतरायला रस्ता धड नाही. उंचीच्या त्रासावर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणं. शिमल्याकडून चढण्याचा फायदा हा की उंची हळूहळू वाढते. मनालीकडून गेलं की धाडकन वाढते.

रक्तदाबाची गोळी बंद करायची नाही, 'थंडीत बरं वाटतंय' म्हणूनही नाही. उंचीच्या त्रासासाठी घेतात ती डायमॉक्सची गोळी कुणाच्या व्हॉट्सॲप निरोपावरून सुरू करू नका. सल्फाची ॲलर्जी असेल तर ती चालत नाही, शिवाय बाबांच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर दोन्हींचा मेळ डॉक्टरांनीच घालावा. डोकं दुखतंय, मळमळतंय, चालताना तोल जातोय, असं काही झालं तर 'दमले असतील' म्हणून झोपवू नका.

मुलासाठी: पुढची सीट, रिकामं पोट नको आणि तुडुंब भरलेलंही नको, मोबाइल बंद. गाडी लागू नये म्हणून अव्होमिनची गोळी द्यायची तर वजनाप्रमाणे बालरोगतज्ज्ञांना विचारून.

चंदीगडकर

मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीमुळे चंदीगडला. किन्नौरला अधूनमधून जाणं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मत सरळ आहे: स्पिती, म्हणजे ताबोपासून पुढचं सगळं, विसरा, फक्त किन्नौर करा. तुमच्या आईला जे हवंय ते सगळं तिथे आहे. पहिल्या दिवशी शिमल्यात थांबू नका, पुढे नारकंड्याला जा. चंदीगडहून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, सहा-सात तास धरा. याच पट्ट्यात कोटगढ-थानेधार. सॅम्युअल स्टोक्स नावाचा अमेरिकन इथे आला, इथलाच होऊन सत्यानंद झाला, आणि हिमाचलातल्या सफरचंदाच्या बागायतीचा पाया त्याने घातला. सफरचंद तोवर उतरलेलं असेल, बागा ओक्याबोक्या दिसतील, पण पेट्या रस्त्याकडेला मिळतात.

दुसऱ्या दिवशी सराहन. भीमाकाली हे इथल्या जुन्या बुशहर संस्थानच्या राजघराण्याचं दैवत, तिचं मंदिर इथे आहे. बांधकाम काठकुणी पद्धतीचं: देवदाराच्या तुळया आणि दगड यांचे थर एकावर एक, मधे चुना-सिमेंट काही नाही. भूकंपात भिंत थोडी हलते आणि पुन्हा बसते, अशी ती रचना. शेजारी शेजारी दोन मनोरे आहेत. जुना बंद असतो, देवी नव्याच्या वरच्या मजल्यावर. जिना लाकडी आणि अरुंद, आईंना घाई करू देऊ नका. चामड्याचा पट्टा, पाकीट, कॅमेरा बाहेर ठेवावा लागतो, आणि डोक्यावर टोपी हवी. ती तिथेच मिळते. बाबांना किन्नौरी टोपी शोभेल, हिरव्या मखमली पट्टीची असते.

पुढे ज्यूरीला उतरून राष्ट्रीय महामार्ग ५ धरायचा. तरंडा देवीपाशी प्रत्येक ड्रायव्हर थांबतो, तुम्हीही थांबा. त्यानंतरचा रस्ता कड्यात कोरलेला आहे, डोक्यावर खडक आणि खाली सतलज. हा पट्टा देखणा आहे तसाच खोडकरही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये निगुलसरीला दरड कोसळून राज्य परिवहनच्या बससह गाड्या सापडल्या आणि २८ माणसं गेली. त्याच्या आदल्याच महिन्यात सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ नऊ पर्यटक गेले. म्हणून पावसाळ्यात मी कुणालाच तिकडे पाठवत नाही. तुमच्या तारखा त्या बाबतीत चांगल्या. हवा कोरडी, आकाश निळंशार, गर्दी नाही. वाटेत धरणं आणि बोगद्यांची कामं मात्र बघावी लागतील. नाथपा-झाकडी हा १,५०० मेगावॅटचा प्रकल्प याच नदीवर आहे, आणि धूळ फुकट मिळते.

करछमला पूल ओलांडून बस्पा नदीच्या खोऱ्यात शिरलात की सांगला. कामरूचा किल्ला म्हणजे गावाच्या माथ्यावरचा लाकडी मनोरा. आत जायला टोपी आणि कमरेला गाची, म्हणजे कापडी पट्टा, बांधावी लागते. गावातून पायऱ्या चढून जावं लागतं, तेव्हा गुडघ्यांचं बघा. नाही जमलं तर बटसेरीचं बद्रीनारायणाचं लाकडी देऊळ करा, कोरीव काम तिथेही भरपूर आहे.

चितकूल ३,४५० मीटरवर. तिथे मुक्काम करू नका, सांगल्यातून जाऊन-येऊन करा. साधारण २५ किलोमीटर आहे. नोव्हेंबरात गावातली बरीच माणसं खाली उतरायच्या तयारीत असतात, हॉटेलं बंद होत असतात, नळ गोठायला लागतात. दुपारी मात्र नदीकाठच्या दगडांवर ऊन छान असतं. तुमच्या चिरंजीवांना तिथे सोडा आणि राजमा-भात खा. तिथला राजमा आपल्याकडच्यापेक्षा लवकर विरघळतो, अशी आमच्या घरात एकवाक्यता आहे.

झाडीतला_खोडसाळ

चंदीगडकर, तुमचं सगळं पटलं, पण ताबो गाळायला सांगणं हा अन्याय आहे! ज्या आईंना मठ बघायचाय त्यांना किन्नौरमधून परत आणणार? ताबोच्या मठाची स्थापना ९९६ सालची. बाहेरून बघाल तर मातीचे बुटके ढिगारे. आत गेल्यावर काळोखात भिंतभर चित्रं, आणि भिंतींना लागून मातीच्या मूर्ती अधांतरी बसवल्यासारख्या. 'हिमालयातलं अजिंठा' म्हणतात ते जाहिरातीपुरतं नाही. फरक इतकाच की इथे अजून पूजा चालते. आत फोटोला बंदी आहे, बॅटरी न्या.

कल्पा ते ताबो सहा-सात तास. सांगला गाळा, ताबो करा.

चंदीगडकर

खोडसाळराव, ताबो थोर आहे यात वाद नाही. पण एक दिवस जायचा, एक यायचा, आणि तिथे हातात येते एक संध्याकाळ. बाबांना खुर्चीत बसायचंय हे धाग्यातच लिहिलंय. सात दिवसांतले सहा गाडीत बसून काढायचे, तर खुर्ची नाशकातही आहे.

मठ हवाच असेल तर कल्पातही आहे. जुन्या गावात ('चिनी' हे कल्पाचंच जुनं नाव) नारायण-नागिणीचं देऊळ आणि बौद्ध मठ चार पावलांवर आहेत, आणि गावातली माणसं दोन्हीकडे जातात. मठाचा संबंध ताबोसारखाच लोचावा, म्हणजे बौद्ध ग्रंथांचे भाषांतरकार, रिंचेन झांगपो यांच्याशी जोडतात. आग आणि डागडुजीमुळे इमारत जुनी राहिलेली नाही, हे आधीच सांगतो. ताबोची बरोबरी नाही, पण आईंना किन्नौरचं मर्म तिथे जास्त कळेल. देव इथे देवळात बसून राहत नाही, पालखीसारख्या रथातून गावभर फिरतो आणि कौल देतो.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत सगळ्यात आधी मत देणारे श्यामशरण नेगी याच कल्पाचे. डिसेंबरपासून बर्फ, म्हणून इथलं मतदान १९५१ च्या ऑक्टोबरमध्येच उरकलं होतं. नेगी शिक्षक होते, २०२२ मध्ये वारले. मुलाला नागरिकशास्त्राच्या धड्यापेक्षा हे लक्षात राहील.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी मोठ्याने वाचून दाखवलं. आईने खोडसाळांची बाजू घेतली, बाबांनी खुर्चीची. शेवटी आईच म्हणाली, "ताबोसाठी वेगळी येईन, जूनमध्ये, आणि यांना घेणार नाही."

तर आता असं: नारकंडा एक रात्र, सराहन एक, सांगला दोन, कल्पा एक, परतीला रामपूर एक, मग चंदीगड. अजून दोन शंका. कल्पाला एकच रात्र कमी पडते का? आणि हातमाग नेमके कुठे बघायला मिळतील? दुकानातल्या शाली नकोत, विणणारी बाई हवी.

चंदीगडकर

कल्पाला दोन ठेवा, सांगल्याला एक करा. सराहनहून सकाळी लवकर निघालात तर दुपारी सांगल्यात पोचता, त्या दिवशी कामरू. दुसऱ्या दिवशी सकाळी चितकूल करून संध्याकाळी कल्पा. खोली घेताना समोरच्या किन्नर कैलास शिखरांच्या बाजूची मागा, आणि एक लक्षात ठेवा: सकाळी सूर्य त्या शिखरांच्या मागून येतो, तेव्हा डोंगर काळाच दिसतो. रंग चढतो तो संध्याकाळी. म्हणून बाबांची खुर्ची चार वाजता बाहेर काढा, स्वेटरवर जाकीट घालून. रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. खोलीत हीटर आहे का आणि वीज गेली तर काय, हे पैसे भरण्याआधी फोनवर विचारा.

हातमाग घराघरांत असतात, हिवाळ्यात बायका जास्त विणतात, तेव्हा वेळ तुमची बरोबर आहे. होमस्टे घेतलात तर यजमानीणबाईंनाच विचारा. खऱ्या किन्नौरी शालीची किनार मागावरच विणलेली असते, छापलेली किंवा वरून शिवलेली नाही. नक्षीला दिवस लागतात म्हणून किंमत हजारांत जाते. घासाघीस फार करू नका.

रोख पैसे रामपूरला किंवा कल्पाखालच्या रेकाँग पिओला काढून ठेवा. गाडी हिमाचलचीच घ्या, आणि ड्रायव्हर किन्नौरी मिळाला तर सोडू नका.

स्टेथोस्कोप

या प्लॅनमध्ये सगळ्या रात्री ३,००० मीटरच्या आत आहेत. आता माझी हरकत नाही. गोळ्या मात्र हातातल्या पिशवीत ठेवा, टपावरच्या बॅगेत नको.

घाटमाथा

एजंटाला कळवलंत का?

गोदाकाठची

कळवलं. तो म्हणतोय त्याच पैशात कुल्लूही घालून देतो.