फीटवरचा नाकातला स्प्रे सरकारने घरोघरी फुकट द्यावा का?

सत्तरीची आई

गेल्या गणेश चवथीला मूळ घरी होतो, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून बरंच आत. आरती चालू असताना माझ्या चार वर्षांच्या मुलाला गणपतीवर टांगलेल्या माटोळीखालीच फीट आली. अपस्माराचं निदान आधीच झालेलं, त्यामुळे मी तरी गडबडले नाही. बाकी घरात धावपळ. एका काकांनी चामड्याची चप्पल नाकाशी धरली, कुणी कांदा फोडायला पळालं. मी त्याला कुशीवर वळवलं आणि जावेला म्हटलं, मोबाईलवर वेळ लाव. पाच मिनिटं उलटली तरी हातपाय थांबेनात. मग पर्समधला मिडाझोलमचा, म्हणजे फीट थांबवणाऱ्या औषधाचा, स्प्रे काढला आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले सहा फवारे मारले, तीन एका नाकपुडीत, तीन दुसरीत. दोन-अडीच मिनिटांत मूल सैल पडलं. दवाखान्यात पोचलो तेव्हा ते गाढ झोपलेलं होतं.

बाटली काही शे रुपयांची. प्रत्येकाला परवडत नाही. अपस्मार असलेल्या प्रत्येक मुलाला ती प्राथमिक आरोग्य केंद्रातून फुकट मिळावी असं माझं मत आहे. आकडी जितकी लांबते तितकं हेच औषध कमी लागू पडतं. मग शिरेतून एकावर एक औषधं, मग व्हेंटिलेटर. एका मुलाचे पीआयसीयूतले, म्हणजे मुलांच्या अतिदक्षता विभागातले, चार दिवस वाचले तर त्यात किती बाटल्या येतील?

औषधवाला म्हापशाचा

ताई, मुलगा बरा आहे हे वाचून बरं वाटलं. हिशेब मात्र पटला नाही.

बहुतेक फीट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. म्हणजे शंभर घरांत शंभर बाटल्या दिल्या तर त्यातल्या बऱ्याच देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात मुदत संपेपर्यंत पडून राहणार, आणि मग पुन्हा नव्या शंभर. खर्च शंभरांचा धरायचा आणि फायदा एका पीआयसीयूवाल्याचा, हे गणित दुकानात चालत नाही. शिवाय औषध एच-वन यादीतलं. चिठ्ठीशिवाय देता येत नाही, रजिस्टरात रुग्णाचं नाव लिहावं लागतं. वाटप करायचं तर हे सगळं कोण सांभाळणार?

डायझेपाम हेही फीट थांबवणारंच औषध, त्याचं इंजेक्शन गुदद्वारातून देता येतं. सकाळच्या भाजी-पावापेक्षा स्वस्त. आमच्या पिढीतली मुलं त्यावरच वाचली.

पेडण्याची बाई

औषधवाले दादा, मी प्राथमिक शाळेत शिकवते. तीस पोरांसमोर सात वर्षांच्या मुलीची चड्डी काढून औषध द्यायचं कसं, ते जरा सांगा. कदंबा बसमध्ये? जत्रेत? स्वस्त औषध जर द्यायलाच कुणी धजत नसेल तर ते फुकट असलं तरी महागच पडलं.

निवृत्त बालरोगवाला

बाईंशी सहमत. आणि प्रश्न फक्त लाजेचा नाही. २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या मुलांचा अभ्यास आला होता. गालात सोडलेलं मिडाझोलम आणि गुदद्वारातून डायझेपाम अशी तुलना. दहा मिनिटांत फीट थांबली, तासाभरात परत आली नाही, श्वासही दबला नाही, असं मिडाझोलममध्ये ५६ टक्के वेळा आणि डायझेपाममध्ये २७ टक्के वेळा झालं. दुप्पट फरक. भाजी-पावाचा भाव तेवढ्यावर टिकत नाही.

पण खरी गोम वेगळीच आहे. खर्च कुणाच्या खिशातून जातो? गोंयकाराला गोमेकॉत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, पीआयसीयूचं बिल येत नाही. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे ती भरती झाल्यानंतरच्या उपचारांना. बाटली मात्र पालक स्वतः घेतो. त्यामुळे आईबापाच्या हिशेबात बाटली महाग आणि व्हेंटिलेटर फुकट, आणि सरकारच्या हिशेबात नेमकं उलटं. ज्याचा पैसा वाचतो त्यानेच बाटली घ्यावी, इतकी साधी गोष्ट आहे.

डिचोलीचा चालक

डॉक्टर, मी रुग्णवाहिका चालवतो. मग त्याच पैशात रुग्णवाहिका आणि आरोग्य केंद्रं का भरू नयेत? २०१२ साली अमेरिकेत ‘रॅम्पार्ट’ नावाची मोठी चाचणी झाली. रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्यांनी मांडीत मिडाझोलमचं इंजेक्शन दिलं, तेव्हा दवाखान्यात पोचेपर्यंत ७३.४ टक्के रुग्णांची फीट थांबलेली होती. शिरेतून लोराझेपाम हे त्याच जातीचं औषध दिलं त्यांच्यात ६३.४. झटके देणाऱ्या पोराची शीर शोधण्यातच वेळ जातो, मांडी सगळ्यांना सापडते. इंजेक्शनांची एक पेटी दहा गावांना पुरते, आणि वापरणारा माणूस शिकलेला असतो.

  

सत्तरीची आई

दादा, पेटी दहा गावांना पुरते, पण ती दहाव्या गावात पोचायला किती वेळ लागतो? आमच्याकडे रस्त्यावर झाड पडलं की संपलं. दिवाडी बेटावरच्यांना विचारा, रात्री फेरीबोट नसली की काय करतात. मांडीतलं इंजेक्शन उत्तमच, पण पाचव्या मिनिटाला मुलाजवळ मी असते, तुमची गाडी नसते.

निवृत्त बालरोगवाला

दोन्ही हवं, पण सरसकट नको. तापातली आकडी सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना येते. त्या प्रत्येकाच्या घरी बाटली म्हणजे नुसती उधळपट्टी, बहुतेकांना पुन्हा कधी लागणारच नाही. ज्याची आकडी आधी एकदा लांबली आहे किंवा जो दवाखान्यापासून लांब राहतो, त्याला द्या. आमच्या काळी आम्ही पालकांना निदान कुशीवर वळवायला आणि तोंडात चमचा न घालायला शिकवायचो. त्याला तर एक पैसाही लागत नाही, तरी अजून चमचे घालतातच.

औषधवाला म्हापशाचा

डॉक्टर, अशी यादी केलीत तर माझी हरकत नाही. हे आधी कुणी बोललंच नव्हतं.

एक गोष्ट मात्र दुकानात रोज बघतो. स्प्रे एका ताकदीचा येत नाही. एका फवाऱ्यात अर्धा मिलिग्रॅमवाला आहे आणि सव्वा मिलिग्रॅमवालाही आहे. सरकारी खरेदीत ज्याचा दर कमी तो येणार, यंदा हा, पुढच्या वर्षी तो. पालकांच्या डोक्यात राहतो तो फवाऱ्यांचा आकडा. ताई, तुमच्या बाटलीवर काय लिहिलंय ते जरा बघा.

सत्तरीची आई

बघून आले. चवथीला वापरली ती अर्ध्या मिलिग्रॅमची. मुलाचं वजन १५ किलो, डॉक्टरांनी किलोला ०.२ मिलिग्रॅम धरलेलं, म्हणजे ३ मिलिग्रॅम, सहा फवारे. बरोबर.

पण माझ्या भावाने गेल्या महिन्यात पणजीहून नवी आणली, ती सव्वाची. मी तिच्यावर जुन्याच बाटलीचा कागद चिकटवून ठेवला होता, ‘६ फवारे’. म्हणजे साडेसात मिलिग्रॅम झालं असतं. जावेला, शाळेतल्या बाईंना, सगळ्यांना सहाच सांगून ठेवलंय.

कागद फाडला. उद्या डॉक्टरांकडून नवा लिहून घेते, तोवर पर्समध्ये जुनीच बाटली. शाळेत आत्ताच फोन करते.