मदत हवी आहे : वर्डमधल्या कॉमेंटची अक्षरं मोठी होत नाहीत (तातडीचं)

वैतागलेली_संपादिका
दिवाळी अंकाचं काम अंगावर आलंय. लेखकांच्या फायलींत बाजूला कॉमेंट टाकतेय, पण अक्षरं मुंगीएवढी. 'दृष्ट्या' लिहिलंय की 'दृष्टया', मलाच माझं वाचता येत नाही. साइझ १४ केला तरी ढिम्म. शिवाय तो गुलाबी रंग डोळ्यांत जातो. उद्या संध्याकाळपर्यंत लेख परत द्यायचेत. 'गूगल करा' म्हणू नका, करून झालंय.

चौकस
कुठलं वर्ड? २०१०, २०१६, ३६५? विंडोज की मॅक? साइझ नेमका कुठे बदललात?

लिब्रेप्रेमी
लिब्रे ऑफिस टाका. कॉमेंटवर राइट क्लिक, 'फॉरमॅट ऑल कॉमेंट्स', विषय संपला. वर फुकट.

वैतागलेली_संपादिका
लिब्रे नको. मागे त्यात उघडून परत पाठवलेल्या फायलीतल्या तळटीपा इकडच्या तिकडे झाल्या होत्या.

लिब्रेप्रेमी
तो दोष वर्डच्या फॉरमॅटचा, लिब्रेचा नव्हे.

पीडीएफवाला
अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल-के दाबा, डावीकडे 'कॉमेंटिंग'. फॉन्ट आणि साइझ तिथेच आहेत. रंगासाठी चिठ्ठीवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', रंग निवडा आणि 'मेक प्रॉपर्टीज डीफॉल्ट'वर टिचकी मारा. मग पुढच्या सगळ्या चिठ्ठ्या त्याच रंगात येतात.

चौकस
अहो, शीर्षकात वर्ड लिहिलंय.

पीडीएफवाला
पुढेमागे कुणाच्या कामी येईल म्हणून लिहिलं. आपली हरकत?

खिळेजुळारी
छापून घ्या, लाल पेन घ्या, समासात खुणा करा. आम्ही जन्मभर तेच केलं. पडद्यावर वाचलेल्या मुद्रितात चुका राहतातच.

वैतागलेली_संपादिका
काका, लेखक एक पुण्यात, एक बंगळुरात, मी नागपुरात. लाल पेनाचं कुरिअर कोण करणार?
@चौकस : २०१६, विंडोज १०. साइझ स्टाइलमध्ये जाऊन बदलला.

बाराखडी
झूम १५० करून बघा ना.

वैतागलेली_संपादिका
झूम केलं की कॉमेंटच स्क्रीनबाहेर जातात.

डीटीपीकर
ताई, स्टाइलपर्यंत पोचलात म्हणजे अर्धं काम झालं. घोळ असा की वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' धरतं आणि तिचा फॉन्ट-साइझ वेगळा ठेवतं. तुमचे १४ फक्त इंग्रजी अक्षरांना लागले, मराठी आहे तिथेच.
कंट्रोल-शिफ्ट-एस दाबा. छोटी खिडकी येईल, तिच्यात 'कॉमेंट टेक्स्ट' टाइप करून 'मॉडिफाय'. खाली डावीकडे 'फॉरमॅट', मग 'फॉन्ट'. त्या चौकटीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा वेगळा कप्पा आहे. तिथे फॉन्ट निर्मला यूआय, साइझ १४.
रंगासाठी 'रिव्ह्यू' टॅब, 'ट्रॅकिंग'च्या कोपऱ्यातला बारका बाण, 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'. 'कॉमेंट्स'समोर 'बाय ऑथर' असेल, तिथे हवा तो रंग निवडा. तो फक्त तुमच्या मशीनवर दिसेल, लेखकाला त्याच्याकडचाच.

३६५चा_कैदी
नव्या वर्डमध्ये यातलं काही चालत नाही हं. 'मॉडर्न कॉमेंट्स' आल्यापासून स्टाइल बदलली तरी बाजूची कार्डं तशीच. सुरुवातीला ऑप्शन्समध्ये ते बंद करायची सोय होती, तीही काढून घेतली.

लिब्रेप्रेमी
म्हणून म्हणत होतो.

बाराखडी
अवांतर : कॉमेंटशिवाय प्रिंट हवी असेल तर प्रिंटच्या सेटिंग्जमध्ये 'प्रिंट मार्कअप'ची खूण काढा.

खिळेजुळारी
प्रिंट काढणारच असाल तर मग लाल पेनाने काय घोडं मारलंय?

वैतागलेली_संपादिका
डीटीपीकर, झालं! 'दृष्ट्या' स्पष्ट दिसतंय. रंग निळा केला. पण दुसऱ्या लेखकाची फाइल उघडली तर पुन्हा मुंग्या. आणि शेजारच्या टेबलावरच्या मशीनवर तो 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा कप्पाच नाही.

डीटीपीकर
स्टाइल त्या-त्या फायलीत साठते, त्यामुळे दर फायलीला एकदा करावं लागेल. फायली बऱ्याच असतील तर मॅक्रो (हेच सगळे टप्पे नोंदवून एका झटक्यात परत करणारी सोय) रेकॉर्ड करून ठेवा. कप्पा दिसत नाही त्या मशीनवर 'फाइल', 'ऑप्शन्स', 'लँग्वेज'मध्ये मराठी घाला, मग वर्ड बंद करून परत उघडा.

चौकस
आणि मॅक्रो 'नॉर्मल' टेम्प्लेटमध्ये, म्हणजे तुमच्या मशीनवरच्या वर्डच्या मूळ साच्यात ठेवा. लेखकाच्या फायलीत ठेवलात तर मॅक्रोसकट सेव्ह करायला ती डॉक्सएम करावी लागेल, आणि तशी फाइल मेलने आली की लोक उघडायला घाबरतात.