घरी केलेला कुत्र्याचा खाऊ : तुम्ही काय घालता, काय टाळता?

कुत्र्यासाठी घरी बिस्किटं, वाळवलेल्या पट्ट्या, गोठवलेले तुकडे करणारे आपण बरेच जण आहोत. पाककृती ढिगाने मिळतात, पण अमुक जिन्नस का घेतला आणि तमुक का वगळला हे फारसं कुणी सांगत नाही. ते इथे लिहा. सोबत कुत्र्याचं वय, वजन, दुखणीही लिहा, कारण एकाला मानवतं ते दुसऱ्याला मानवेलच असं नाही.

सुरुवात मीच करते. आमच्याकडे लाल भोपळा आणि ओट्स हे ठरलेलं. भोपळा वाफवून कुस्करायचा, ओट्स मिक्सरमधून काढायचे, एक अंडं घालायचं आणि मंद आचेवर भाजायचं. मीठ नाही, साखर नाही. पीनट बटर घालायचं असेल तर लेबलवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय मी बाटली उघडत नाही. शुगर-फ्री प्रकारांत झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते द्रव्य, असू शकतं. माणसाला ते चालतं, पण कुत्र्याच्या पोटात गेलं की स्वादुपिंड एकदम इन्शुलिन सोडतं आणि बऱ्याचदा अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते. दर किलो वजनामागे ०.१ ग्रॅमही पुरतं, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला जेमतेम एक ग्रॅम. जास्त गेलं तर यकृत निकामी होऊ शकतं. लेबलवर ते 'बर्च शुगर' किंवा 'ई ९६७' या नावानेही असतं. हल्ली मी बिनमिठाचे शेंगदाणे भाजून घरीच वाटते.

ब्रुनोचा बाबा

आमचा भर चिकनवर. साध्या पाण्यात उकडायचं, हाडं काढायची, तंतू मोकळे करून ओव्हनमध्ये वाळवायचे. शिजलेलं हाड टोकदार तुकड्यांत फुटतं, म्हणून ते मी स्वतः दोनदा चाचपून काढतो. चवीसाठी तयार स्टॉक, सूपची पाकिटं, लहान बाळांसाठी मिळणाऱ्या मांसाच्या प्युऱ्या यांतलं काहीही घालत नाही. त्यांत बरेचदा कांद्याची किंवा लसणाची पूड असते. शिजवून, वाळवून कांद्याचा घातकपणा जात नाही. पूड म्हणजे तर आटवलेला कांदा. त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आणि वाईट असं, की त्रास बहुधा काही दिवसांनी दिसतो: हिरड्या पांढुरक्या, धाप, गडद लघवी. तोवर काय खाल्लं होतं हे घरात कुणाला आठवतही नाही. माझ्या मित्राच्या कुत्रीचं नेमकं असंच झालं होतं, कारण शोधण्यातच वेळ गेला.

टफीची ताई

दादा, लसूण थोडा दिला तर गोचीड लागत नाहीत असं पुष्कळ जण सांगतात. चिमूटभर चालेल का?

ब्रुनोचा बाबा

नको, ताई. लसणाने गोचीड जातात याला भरवशाचा पुरावा नाही, आणि वजनाला वजन धरलं तर लसूण कांद्याहून जहाल. गोचिडांसाठी व्हेटकडून औषध घ्या.

मनुके-विरोधी

टोपणनावाला कारण आहे. माझ्या बहिणीच्या स्पॅनियलने खालच्या फडताळातलं मनुक्यांचं पाकीट फाडलं. ती त्याला तडक दवाखान्यात घेऊन गेली, तिथे उलटी करवली, सलाईन लावलं, मूत्रपिंडाच्या तपासण्या झाल्या. वाचला. द्राक्षं आणि मनुके यांचं अवघड हे, की अमुक इतके खाल्ले तर धोका नाही असं सांगता येत नाही. एखाद्याला काहीच होत नाही, एखाद्याचं मूत्रपिंड बंद पडतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं, कारण क्रीम ऑफ टार्टर (याच आम्लापासून बनलेली, बेकिंगमध्ये वापरतात ती पूड) पोटात गेलेल्या कुत्र्यांतही तसंच नुकसान दिसलं होतं. चिंचेतही हेच आम्ल असतं. काही बेकिंग पावडरींत क्रीम ऑफ टार्टर असतं, म्हणून मी बेकिंग पावडरच वापरत नाही. बिस्कीट फुगलं नाही म्हणून कोणत्याही कुत्र्याने ते नाकारलेलं मी पाहिलेलं नाही. कोको, जायफळ, मॅकाडेमिया नावाचा सुकामेवा हेही आमच्या यादीत कायमचे बाद.

ठिपकेवाल्याची आई

सगळे लिव्हर ट्रीट्सची तारीफ करतात, म्हणून आमचं वेगळं लिहिते. आमचा डाल्मेशियन. या जातीत जन्मजातच यूरिक आम्लाचं विघटन नीट होत नाही, आणि त्यातून लघवीच्या मार्गात खडे होतात. यकृतात प्युरिन भरपूर, आणि प्युरिनपासूनच शरीरात यूरिक आम्ल बनतं, त्यामुळे ते आमच्या घरात येतच नाही. अंडं, सिमला मिरची, काकडी, सफरचंदाच्या फोडी (बिया आणि मधला भाग काढून) यांवर तो खूश असतो. दुसऱ्या जातींनाही यकृत बेताचंच द्या; अ जीवनसत्त्व त्यात इतकं असतं की रोज मूठभर दिलं तर ते शरीरात साठत जातं. उलट ज्यांच्या कुत्र्याला ऑक्झलेटचे खडे आहेत, त्यांनी पालक आणि बीट टाळावं, कारण त्यांत ऑक्झलेट भरपूर असतं. खडा कोणता हे तपासून घेतल्याशिवाय पाककृती निवडू नये, एवढं मात्र मी आग्रहाने सांगेन.

खाजऱ्या सोनूचं घर

सोनू पंजे चाटून लाल करायचा. व्हेटने आहारचाचणी सांगितली: आठ आठवडे ठरलेलं अन्न, बाकी एक तुकडाही नाही. ट्रीट्सही त्याच अन्नाच्या. तेव्हा मी वाचलं, की २०१६ च्या एका आढाव्यात कुत्र्यांच्या अन्न-ॲलर्जीत सगळ्यांत वर गोमांस होतं, मग दुग्धजन्य पदार्थ, चिकन आणि गहू. 'ग्रेन-फ्री (धान्याशिवायचं) केलं की प्रश्न मिटला' असं मानणाऱ्यांनी हा क्रम बघावा. सोनूला चिकन बाधतं, गहू नाही. आता त्याच्या बिस्किटांत रताळं आणि एकच मासा, काटे काढून, पूर्ण शिजवून. एका खाऊत एकच प्रथिन ठेवलं की बिघडलं तर कशाने ते लगेच कळतं.

गोलू लॅब

जिन्नस सुरक्षित असला तरी किती द्यायचा हा प्रश्न उरतोच. खाऊ दिवसभराच्या कॅलरींच्या १० टक्क्यांत बसवायचा. १०० ग्रॅम गाजरात सुमारे ४० कॅलरी, तेवढ्याच पीनट बटरमध्ये सहाशेच्या आसपास. आमच्या लॅबला प्रशिक्षणात सारखं काहीतरी द्यावं लागतं, म्हणून गाजराचे आणि फरसबीचे नखाएवढे तुकडे करतो. त्याला आकाराशी देणंघेणं नाही, आपण दिलं यातच आनंद. शिवाय एकदा पॅनक्रियाटायटिस (स्वादुपिंडाचा दाह) होऊन गेलाय, तेव्हा तेल, लोणी, चिकनची कातडी पूर्ण बंद.

टफीची ताई

लसणाचा विचार सोडला! एक विचारते, केलेला खाऊ टिकतो किती?

ब्रुनोचा बाबा

ओलसर असेल तर फ्रिजमध्ये चार-पाच दिवस, बाकीचा लगेच फ्रीझरमध्ये. पिशवीवर तारीख आणि आतले जिन्नस लिहा, म्हणजे घरात दुसरं कुणी खाऊ देत असलं तरी गोंधळ होत नाही. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी सगळा घाणा टाकायचा. काही बुरशींच्या विषाने कुत्र्याला थरथर आणि झटके येतात. आणि टाकताना झाकणाच्या डब्यात टाका.