अंग चोरणारं मूल आणि बंध
कुशीत घेतलं की मूल अंग चोरतं, म्हणजे आईशी बंध कच्चा, असं वर एकांनी लिहिलंय. मला नाही पटत. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९६०-७०च्या दशकांत वर्षभराच्या मुलांवर जे प्रयोग केले, त्यात आई काही मिनिटं खोलीबाहेर जाऊन परत आली की मूल काय करतं, याला सगळ्यात जास्त महत्त्व होतं. लांबूनच हसून, खेळणं दाखवून आईचं स्वागत करणारी आणि पुन्हा खेळायला लागणारी मुलंही त्यात सुरक्षित बंधाची धरली जात. मिठी हा एकच निकष नव्हता.

आमच्या धाकटीला डोक्यावरून हलका हात फिरवलेला अजिबात खपत नाही, शर्टाच्या लेबलवरूनही रडारड. पण पाठीवर तळवा घट्ट दाबून ठेवला की दोन मिनिटांत शांत. अशा बऱ्याच मुलांना हलक्या स्पर्शापेक्षा घट्ट दाब सोसतो. (आजीला मात्र हे अजून पटलेलं नाही.) आणि पालकाच्या कानांचं काय? कर्कश रडण्याने ज्याचं स्वतःचंच डोकं उठतं, त्याने इअरप्लग घालून मुलाला खुशाल कडेवर घ्यावं. रडणं ऐकू येतंच, फक्त धार कमी होते.